ह्याला कुणी आणलं?

मास्साबांसमोर ‘लेटेस्ट’ हा शब्द काढायचा नसतो. एखाद्या नव्या पोराच्या तोंडून तो निघालाच, तर ते चष्मा कपाळावर सरकवतात, खुर्ची अर्धी वळवतात आणि अतिशय शांत आवाजात विचारतात, “लेटेस्ट मतलब कौन सा? नंबर बताओ.” पोरगा नंबर सांगतो. नंबराच्या शेवटी शून्य असलं की विषय संपला. शेवटी शून्य असलेल्या गोष्टीला हात लावायचा नाही, हा त्यांचा नियम आहे आणि तो फक्त सॉफ्टवेअरपुरता नाही.

लखनौची मेट्रो सप्टेंबर २०१७ मध्ये ट्रान्सपोर्ट नगर ते चारबाग अशी सुरू झाली आणि लोकांसाठी खुली झाली त्याच दिवशी एक गाडी वाटेत अडकून प्रवाशांना आणीबाणीच्या दारातून उतरवावं लागलं. शहर हळहळलं. मास्साब मात्र दिवसभर खुशीत होते. “सांगितलं होतं का नव्हतं? पहिली आवृत्ती ही लोकांनी वापरायची नसते, लोकांवर वापरायची असते.” पुढे मार्च २०१९ मध्ये तीच मेट्रो विमानतळापर्यंत आली, अमौसीला आमच्या डोक्यावर स्टेशन झालं, तेव्हा कुठे त्यांनी कार्ड काढलं. मार्च २०२४ मध्ये विमानतळाच्या तिसऱ्या टर्मिनलचं उद्घाटन झालं. त्यानंतर कितीतरी महिने ते पाहुण्यांना विचारत, “जुन्यातूनच जाता येत नाही का हो?”

मास्साब म्हणजे मास्टरसाहेब. शाळेत त्यांनी एक दिवस शिकवलेलं नाही. अमौसीच्या औद्योगिक भागात एका गोदामाच्या वरच्या मजल्यावर वाहतूकदारांसाठी सॉफ्टवेअर बनवणारी एक छोटी कंपनी आहे. खाली टायरांची आणि पुठ्ठ्यांची चढउतार, वर आमची. विमान उतरायला लागलं की फोनवरचं बोलणं आपोआप थांबतं आणि ते गेल्यावर त्याच अक्षरापासून सुरू होतं, अशी इथली सवय. बिल्टी छापणं, ई-वे बिल काढणं, कुठला ट्रक कानपूरला पोचला आणि कुठला उन्नावच्या ढाब्यावर झोपलाय हे दाखवणं, असली कामं ते सॉफ्टवेअर करतं. कोड लिहिणारी दहा-बारा पोरं. मास्साब कोड लिहीत नाहीत. ते बिल्ड सांभाळतात.

बिल्ड सांभाळणं म्हणजे काय, हे त्यांच्या घरच्यांनाही अजून नीटसं कळलेलं नाही. आजचा प्रोग्रॅम कुणी एकटा लिहीत नाही. पीडीएफ बनवायची एक लायब्ररी, तारखा मोजायची दुसरी, नोंदी ठेवायची तिसरी, अशा जगभरच्या लोकांनी लिहून ठेवलेल्या वस्तू आणायच्या आणि आपला कोड त्यांच्यात बसवायचा. आपण मागवतो चाळीस. त्या चाळिसांना लागतात आणखी दीडशे, त्या न मागता येतात. सगळं एकत्र बांधून त्यातून चालणारी एक वस्तू बाहेर काढायची, हे बिल्ड. आणि मास्साबांचा सिद्धान्त असा, की भांडण आपण मागवलेल्यांत सहसा नसतंच. ते त्यांनी आणलेल्यांत असतं.

गृहस्थ मूळचे विट्याकडचे. लखनौचा मराठी माणूस म्हटलं की आपल्याला भातखंडे आठवतात, १९२६ मध्ये त्यांच्या प्रयत्नांनी इथे निघालेलं संगीत विद्यालय आठवतं. चौकातल्या सराफ्यात मात्र वेगळेच मराठी भेटतात. खानापूर-आटपाडीच्या दुष्काळी पट्ट्यातून निघून देशभरच्या सराफ बाजारांत सोनं-चांदी गाळायला गेलेली माणसं, गलाईवाले. मास्साबांचे वडील आणि चुलते त्यांतले. पोरगा शिकला, कॉम्प्युटरकडे गेला, म्हणून घरात थोडी नाराजी होती. पण काम पाहिलं तर पिढीजात धंदाच चालू आहे. मुशीत सगळं एकजीव झाल्यावर त्यातलं तांबं कोणतं आणि कुठल्या डागिन्यातून आलं, हे सांगणारा माणूस त्या घराण्यात पुन्हा जन्मला एवढंच.

बोलणं त्यांचं तीन मजली. पोरांशी लखनवी हिंदी, मालकाशी ‘जी’ लावलेली इंग्रजी आणि माझ्याशी सांगली वळणाची मराठी. मी चाचणीच्या कामावर, पुण्याहून आलेला, म्हणून ‘काय ओ पुणेकर’. होळीपर्यंत अंगात बिनबाह्यांचा स्वेटर. टेबलाच्या खणात बडीशेप, लाल पेन्सिली आणि एक लांबट वही. तिच्यावर ठळक अक्षरात लिहिलंय: ‘कोण कुणामुळे’.

लखनौवरच्या प्रत्येक लेखात ‘पहले आप’चा विनोद यावाच लागतो असा दंडक आहे. मास्साब तो करू देत नाहीत. “पहले आप नवाबांचं,” ते म्हणतात. “क्लासपाथवर पहले मैं.” आणि ते खरं आहे. एकाच नावाची वस्तू दोन फायलींत असेल, तर जावा भाषेत क्लासपाथवर, म्हणजे शोधायच्या यादीत, जी आधी सापडली ती खरी. दुसरी शेजारी उभी असते, अधिक शहाणी, अधिक नवी. तिला कुणी विचारत नाही.

बिल्ड फुटलं की ऑफिसात हाक उठते, “मास्साब, फट गया!” पोरं लगेच गूगल करू लागतात. मास्साब उठून प्रिंटरकडे जातात. आमच्याकडे बिल्टीच्या चौपदरी कागदासाठी एक जुना डॉट मॅट्रिक्स प्रिंटर आहे. करकर आवाज करत त्यावर ते आख्खं अवलंबनांचं झाड छापून काढतात. मेव्हन नावाच्या साधनाला विचारलं की ते ही वंशावळ देतं: कुणी कुणाला आणलं, त्यानं पुढे कुणाला. पडद्यावर ती मावत नाही आणि पडद्यावर मास्साबांचा विश्वासही नाही. कागद टेबलावरून खाली उतरतो, खुर्च्यांच्या पायांतून जिन्याच्या दिशेनं सरकतो आणि मास्साब लाल पेन्सिल घेऊन त्याच्या कडेकडेनं उकिडवे सरकत जातात. अमक्याशी जमलं नाही म्हणून तमक्याला वगळलं, अशा अर्थाची ओळ दिसली की तिथे रेघ. तोंडानं एकच वाक्य, स्वतःशीच: “ह्याला कुणी आणलं?”

हे वाक्य ते रागानं म्हणत नाहीत. त्यात एक खोल कुतूहल असतं.

“मेव्हनला खरं-खोटं कळत नाही,” त्यांनी एकदा मला समजावलं. “त्याला जवळ-लांब कळतं.” एकाच लायब्ररीच्या दोन आवृत्त्या झाडात आल्या, तर मेव्हन नवी कोणती, चांगली कोणती हे बघत नाही, मुळापासून जी कमी पायऱ्यांवर आहे ती घेतो. पायऱ्या सारख्या असतील, तर यादीत ज्याचं नाव आधी लिहिलंय त्याचं नशीब. ग्रेडल हे दुसरं साधन जास्त मोठा नंबर उचलतं. जावास्क्रिप्टवाल्यांचं एनपीएम भांडण दिसलं की दोघांनाही आपापली वेगळी प्रत देऊन मोकळं होतं. मास्साबांच्या मते यातलं एकही शहाणं नाही. पण मेव्हन निदान आपला मूर्खपणा लिहून देतं.

यादीतल्या क्रमाचा हा नियम आमच्या एका हुशार मुलीला ठाऊक नव्हता. तिनं एका निवांत दुपारी पॉम फाइल, म्हणजे मागवलेल्या लायब्ऱ्यांची यादी, नीटनेटकी दिसावी म्हणून वर्णानुक्रमे लावली. एक अक्षर बदललं नाही, नुसत्या ओळी वरखाली केल्या. संध्याकाळी ई-वे बिलावरच्या तारखा बिघडल्या. सगळे तिच्या कोडमध्ये चूक शोधत बसले. मास्साबांनी फाइल उघडली, वरून दोन ओळी वाचल्या आणि हळहळून म्हणाले, “बिटिया, सफाई कर दी?” मग त्यांनी जुना, विस्कटलेला, कुणालाच न कळणारा क्रम पुन्हा लावला आणि शेजारी टीप लिहिली: ‘हा क्रम मुद्दाम आहे. घासूनपुसून ठेवू नये.’

त्या पॉम फाइलमधल्या टिपा हे मास्साबांचं वाङ्मय. ‘हे काढून बघितलं. काढू नये.’ ‘हे कशाला आहे ते माहीत नाही. नसलं की रडतं.’ ‘ही आवृत्ती वाईट आहे, पण हिच्याशी सगळ्यांचं पटतं.’ शेवटच्या टिपेवर मी त्यांना छेडलं होतं, की हे तर माणसाबद्दल लिहिल्यासारखं वाटतं. ते म्हणाले, “नाही, जॅक्सनबद्दल आहे.” जॅक्सन ही लायब्ररी आहे.

त्यांची कीर्ती अमौसीबाहेर, थेट ट्रान्सपोर्ट नगरापर्यंत पसरली ती सहीच्या प्रकरणानं. एका मोठ्या गिऱ्हाइकाला बिलाच्या पीडीएफवर डिजिटल सही हवी होती. ई-इनव्हॉइसचे दिवस होते, सगळ्यांनाच कागदावर कसलातरी शिक्का किंवा चौकोनी कोड हवा होता. पोरांनी सहीची लायब्ररी आणली, सही उमटली, टाळ्या झाल्या. मग तीच वस्तू नव्या सर्व्हरवर नेली आणि सही उमटेना. जुन्या सर्व्हरवर उमटते, नव्यावर नाही. फायली अगदी त्याच, मापात बाइटचाही फरक नाही. नव्या सर्व्हरवरची चूक वाचली तर ती म्हणत होती, की एकाच पॅकेजमधल्या दोन वर्गांवर, म्हणजे कोडच्या दोन तुकड्यांवर, सही करणारे वेगवेगळे दिसतात. सहीच्या कामात सहीचीच तक्रार. पोरांनी सर्व्हर बदलला, जावा बदललं, एकानं तर उदबत्ती लावली. (ती तो रोजच लावायचा, योगायोग.)

मास्साबांनी कागद छापला. जिन्यापर्यंत गेला.

झालं होतं ते असं. बिल्टी छापायला आमच्याकडे जास्पररिपोर्ट्स. ते पीडीएफसाठी आणतं आयटेक्स्ट, ब्रुनो लोवाजी या बेल्जियन माणसानं सुरू केलेली लायब्ररी. पण आणतं ती फार जुनी, २.१.७. इतकी जुनी का, याचं कारण तांत्रिक नाहीच. २००९ च्या शेवटी आयटेक्स्टनं परवाना बदलला, पुढच्या आवृत्तीपासून अटी कडक केल्या, म्हणून जगातले असंख्य लोक त्या शेवटच्या सैल परवान्याच्या आवृत्तीवर तंबू ठोकून बसले. आता हे २.१.७ स्वतःबरोबर आणतं बाउन्सी कॅसल, ऑस्ट्रेलियात तयार झालेली गुप्तलेखनाची लायब्ररी, तीही तितकीच पुराणी: १.३८. आणि पोरांनी आणलेली सहीची नवी लायब्ररीसुद्धा आणते बाउन्सी कॅसलच, पण नवीकोरी.

“मग मेव्हननं एक निवडायला हवी होती ना?” मी विचारलं.

इथे मास्साबांचा चेहरा उजळला. आपल्याला नेमका हा प्रश्न कुणीतरी विचारावा म्हणून ते जगत असतात. “नाव बदललंय त्यानं!” बाउन्सी कॅसलवाले जावाच्या आवृत्तीप्रमाणे फायलीचं नाव बदलत आले. जुनीच्या नावात जेडीके चौदा, नवीच्या नावात जेडीके पंधरा-ऑन. मेव्हन माणसं नावावरून ओळखतो. नावं दोन, म्हणजे वस्तू दोन, म्हणजे भांडण नाही, म्हणून त्यानं दोघांनाही आत घेतलं. पोटात मात्र तेच वर्ग, त्याच नावांचे, एक जुन्या सहीचे, एक नव्या. आता यांतला आधी कोण सापडणार, हे ठरणार फोल्डरमधल्या फायली सर्व्हर कुठल्या क्रमानं वाचतो यावर. आणि तो क्रम जुन्या सर्व्हरवर एक, नव्यावर दुसरा. जुन्या सर्व्हरवर सही उमटत होती ती कुणाच्या हुशारीनं नव्हे.

वहीत त्यांनी आणखी एक गंमत टिपून ठेवली होती. त्या पुराण्या आयटेक्स्टच्या यादीत बाउन्सी कॅसलच्या एका भागाचा आकडा १३८ असा लिहिलाय आणि दुसऱ्या भागाचा १.३८. एकाच घरातली दोन भावंडं, टिंबाचा फरक. “जो नुसता मोठा आकडा बघून निवडील,” मास्साब पेन्सिल हलवत म्हणाले, “त्याच्या दृष्टीनं हा एकशे अडतिसावा अवतार. ह्यानं जगातल्या सगळ्या नव्यांना मागं टाकलं. एक टिंब विसरून.”

मग त्यांनी उपाय केला. वगळणीच्या चार ओळी. जास्परला सांगितलं, तू ये, आयटेक्स्टला आण, पण त्याच्या मागून येणाऱ्या त्या जुन्या तिघांना दारातच थांबव. आयटेक्स्टला बाउन्सी कॅसल लागते ती सह्या आणि कुलपं लावायला. साध्या बिल्टीला तिची गरज नाही, हे त्यांनी आधी तपासलं होतं, त्यासाठी बिल्ट्या छापून छापून खालच्या गोदामातल्या हमालांना पाठकोरे कागद पुरवले होते. चार ओळी टाकल्या, बिल्ड लावलं, दोन्ही सर्व्हरवर सही उमटली.

मालकानं विचारलं, “इतने दिन लगे, और किया क्या?”

“हटाया,” मास्साब म्हणाले.

या माणसाची खरी पंचाईत इथे आहे. त्याचं काम जमलं की काहीच घडत नाही. पोरं नवीन पडदा दाखवतात, रंगीत आलेख दाखवतात, गिऱ्हाईक मान डोलावतं. मास्साब दाखवणार काय? आज कुणी भांडलं नाही, हे? वर्षाच्या शेवटी पगारवाढीच्या अर्जात ‘यंदा काय केलं’ या रकान्यात त्यांनी एकदा लिहिलं होतं: ‘जे झालं नाही त्याची यादी सोबत जोडली आहे.’ यादी डॉट मॅट्रिक्सवर होती. मालकानं ती उघडून पाहायचा प्रयत्न केला आणि गुंडाळीपुढे हात टेकून वाढ दिली.

डिसेंबर २०२१ हा त्यांच्या आयुष्यातला सोन्याचा महिना. लॉगफोरजे या नोंदी ठेवणाऱ्या लायब्ररीत असं भोक सापडलं, की बाहेरच्या कुणीही नोंदीत एक ओळ घुसवून आख्खा सर्व्हर ताब्यात घ्यावा. जगभरच्या इंजिनिअरांचा नाताळ गेला. दुरुस्ती म्हणून २.१५ आली, ती अपुरी म्हणून २.१६, तिच्यातही खोट म्हणून २.१७, आणि महिना संपायच्या आत २.१७.१. पोरं घामाघूम होऊन मास्साबांकडे आली. मास्साब बडीशेप खात होते. आमच्याकडे लॉगफोरजे होतं १.२.१७, एकच्या घराण्यातलं, ज्याची देखभाल त्याच्या कर्त्यांनीच २०१५ मध्ये बंद केली होती. ते भोक दोनच्या घराण्यातलं. आम्ही इतके मागे होतो, की संकट आमच्या पुढून निघून गेलं.

त्या आठवड्यात मास्साबांची चाल बदलली होती. गल्लीतून जाताना ते थोडे थांबत, कुणी विचारावं म्हणून. एका मोठ्या कंपनीतल्या भाच्याला त्यांनी स्वतः फोन केला. “काय रे, झोपला नाहीस का अजून? का बरं?”

आनंद महिनाभर टिकला. जानेवारीत एका गिऱ्हाइकाच्या तपासनिसानं पत्र पाठवलं: तुमच्याकडे देखभाल बंद पडलेली लायब्ररी आहे, तिच्यात स्वतःची वेगळी भोकं आहेत, काढा. ते खरंच होतं. माझं मत विचाराल तर मास्साब वाचले ते शहाणपणानं नाही, आळसानं. न बदलण्याचा हट्ट आणि बदलावं केव्हा याची समज या दोन गोष्टी बाहेरून सारख्या दिसतात. पण हे त्यांना तोंडावर सांगायची माझी हिंमत नाही, कारण दुसऱ्या दिवशी माझा बिल्ड त्यांच्याच हातात असतो. त्यांनी ते पत्र वाचलं, घडी केली, वहीत ठेवलं आणि म्हणाले, “काढतो. पण आधी बघू, ह्याला कुणी आणलं.” आणलं होतं त्यांनीच. वहीत तारखेसकट नोंद निघाली. त्यांनी त्या पानाला लाल रेघ मारली आणि काम सुरू केलं. तक्रार केली नाही, हे मात्र सांगितलं पाहिजे.

जावास्क्रिप्टवाल्या पोरांशी त्यांचं उभं वैर. तिथे दुपारचं जेवण होईतो एखाद्या लायब्ररीच्या दोन आवृत्त्या निघालेल्या असतात. मार्च २०१६ मध्ये एका लेखकानं नावावरून झालेल्या वादात रागावून आपल्या लायब्ऱ्या एनपीएमवरून काढून घेतल्या. त्यांत लेफ्ट-पॅड नावाची होती, अकरा ओळींची, अक्षरांच्या डावीकडे मोकळी जागा सोडणारी. तेवढ्यावर जगभरची बिल्डं कोसळली. ही कथा मास्साब प्रत्येक नव्या भरतीला पहिल्याच दिवशी सांगतात, लहान मुलांना बागुलबुवाची सांगावी तशा आवाजात. आणि एखादा पोरगा भांडण सुटत नाही म्हणून ‘फोर्स’ लिहून पुढे ढकलतो, ते त्यांना त्याच्या टंकण्याच्या आवाजावरूनही कळतं. “जबरदस्ती की?” एवढंच विचारतात. पोरगा खाली बघतो.

आयआयटीतून आलेल्या एका मुलानं त्यांना एकदा घेरलं. म्हणाला, मास्साब, तुम्ही करता ते गणितानं अवघड ठरलेलं आहे. सगळ्यांच्या अटी पाळणाऱ्या आवृत्त्यांचा संच शोधणं हा एनपी-कम्प्लीट प्रश्न. रस कॉक्स नावाच्या माणसानं २०१६ मध्ये यावर लिहिलंय. कुठल्याही परिस्थितीत झटपट उत्तर देणारी पद्धत कुणाकडेच नाही. मास्साबांनी हे शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, “हे मालकाला इंग्रजीत लिहून देतोस?”

त्याच मुलानं पुढे सांगितलं, की या कॉक्सनंच गो भाषेसाठी दुसरा रस्ता काढला. प्रत्येक लायब्ररीनं ‘मला निदान अमुक आवृत्ती हवी’ एवढंच म्हणायचं आणि साधनानं सगळ्यांच्या अटींना पुरेल अशी सर्वांत जुनी आवृत्ती घ्यायची. नवी उपलब्ध असली तरी, कुणी मागितल्याशिवाय, नाही. मास्साब उठून उभे राहिले. “सर्वांत जुनी? आपणहून?” त्यांनी त्या मुलाला खाली नेऊन स्वतःच्या पैशानं चहा आणि बन-मक्खन खाऊ घातलं. परत येताना ते मला म्हणाले, “कुठला ओ हा कॉक्स? आपल्याकडचा असता, तर गावी सत्कार केला असता.”

घरी हा माणूस निराळा असेल असं वाटत होतं. तो नाही. चौकातल्या मराठी मंडळींच्या गणपतीत दोन चुलत्यांचं आपसांत पटत नाही. कारण दोघांनाही आठवत नाही, मास्साबांच्या वहीत आहे. आरतीला दोघंही आले की वाद ठरलेला. मास्साबांनी वर्षभर निरीक्षण केलं आणि असं शोधून काढलं, की भांडण त्या दोघांचं नाहीच. थोरल्याबरोबर त्याचा एक साडू येतो, धाकट्याबरोबर त्याचा व्याही, आणि वर्गणीचा हिशेब त्या दोघांचा अडकलाय. पुढच्या वर्षी साडूला प्रसादाच्या खोलीत काम दिलं, आरती संपेपर्यंत सुटणार नाही इतकं. आरती सुखरूप पार पडली. वहिनी मला सांगत होत्या, “भावजी, माझ्या माहेरची माणसं आली की हे दारात उभं राहून मोजतात, बोलावली किती आणि आली किती.”

गेल्या उन्हाळ्यात ते गावच्या यात्रेला गेले. पुष्पक एक्सप्रेसनं गेले; ती अमौसीला थांबत नाही, म्हणून तिला पकडायला उलट दिशेनं लखनौला जावं लागतं, आणि मग ती त्यांना घेऊन ऑफिसच्या अंगावरूनच परत जाते. जाताना एक फाइल ठेवून गेले. पहिल्या पानावर: ‘मी येईपर्यंत कशाला हात लावू नये.’ बाकीची पानं कोरी.

पोरांनी अर्थातच हात लावला. सगळं लेटेस्ट केलं. तीस-पस्तीस लायब्ऱ्या एका दिवसात वर ओढल्या, शून्यांवर शून्यं, आणि बिल्ड लावलं. ते पास झालं. हिरवं. पोरांनी पडद्याचा फोटो काढून मास्साबांना पाठवला, खाली हात जोडल्याचं चिन्ह.

परत आले तेव्हा मास्साब कुणाशी बोलले नाहीत. डबा बाजूला ठेवला, स्वेटर नव्हता म्हणून नुसत्या बाह्या सरसावल्या आणि प्रिंटर चालू केला. फुटलेलं बिल्ड त्यांना कधी घाबरवत नाही. पास झालेलं, आणि तेही कारणाशिवाय, म्हणजे काहीतरी भयंकर. दुपारपर्यंत कागद जिना उतरून खालच्या गोदामात पोचला. हमाल त्यावरून पाय जपून टाकत होते. “पास झालंच कसं?” ते पुटपुटत होते. मी चहा आणून दिला, तो निवला. पोरं आधी हसत होती, मग गप्प झाली, मग एकेक जण घरी निघायला लागला.

साडेसहाच्या सुमारास त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. बिल्डच्या आज्ञेच्या शेवटी कुणीतरी एक शब्द जोडला होता, चाचण्या वगळण्याचा. वर्षभर खपून लिहिलेल्या माझ्या सगळ्या चाचण्या बाहेर बसून होत्या. मास्साबांनी तो शब्द खोडला आणि बिल्ड पुन्हा लावलं. दोन मिनिटांत पडदा लाल झाला, चुकांची रांग धावू लागली, संपेचना.

मास्साब खुर्चीत मागे रेलले. खण उघडला, बडीशेप काढली, थोडी माझ्या हातावर ठेवली.

“हां,” ते म्हणाले, “आता बरोबर आहे. चला ओ पुणेकर, कागद धरा दुसऱ्या टोकानं.”